लाँग स्नॅपरचं तोंड कुठल्या बाजूला

वर्क परमिट हातात आलं आणि पंधरा दिवसांत मला अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या एका ट्रॉफीच्या दुकानात नोकरी लागली. मुलाखत अशी झालीच नाही. सत्तरी ओलांडलेल्या मालकांनी तीन लांबलचक पोलिश आडनावं लिहिलेला कागद पुढे केला आणि म्हणाले, "बघून टाइप करा." मी एकही अक्षर न चुकता टाइप केली. ज्या बाईच्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग या देशात रोज चुकतं, ती दुसऱ्याचं चुकवत नाही. मालक म्हणाले, "सोमवारपासून या."

काम पितळी पट्ट्यांवर नावं कोरायचं. बोलिंग, बुद्धिबळ, एका गावातली चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, शिजवायची स्पर्धा, सगळं यायचं. पण मोठी ऑर्डर असायची ती हिवाळ्याच्या तोंडावर. लांबट चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या निवृत्त कोचांचं एक मंडळ कॉलेजातल्या उत्तम खेळाडूंना दरवर्षी बक्षिसं द्यायचं, आणि तीही मैदानावरच्या जागेनुसार. चेंडू फेकणाऱ्यातला उत्तम वेगळा, झेलणाऱ्यातला वेगळा, नुसतं समोरच्याला अडवून धरणाऱ्यातलाही वेगळा. मी अख्खा सामना कधी पाहिलेला नव्हता, पण कुठली मूर्ती कुठल्या जागेची, हे मला पाठ झालं होतं. हात वर तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, पाय वर तो लाथेने उडवणारा किकर.

त्या वर्षी मंडळाने एक नवीन बक्षीस जाहीर केलं. सर्वोत्तम लाँग स्नॅपर.

"हा काय करतो?" मी मालकांना विचारलं.

"वाकतो," मालक म्हणाले. "आणि दोन पायांच्या मधून चेंडू मागे फेकतो. पंधरा यार्डांवर उभ्या किकरच्या बरोबर हातात."

"आणि मग?"

"मग काही नाही. त्याचं काम संपलं."

कॅटलॉगमध्ये अशी मूर्ती नव्हतीच. ती नव्याने घडवायची तर ओहायोतल्या कारखान्याला तसं वाकलेल्या माणसाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो हवे होते, म्हणजे ते थ्री-डी प्रिंट काढून साचा करणार. मालकांचे गुडघे बदललेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घरी विचारते."

घरी नवरा. नागपूरचा, आयटीतला. दिवसभर खुर्चीत बसून त्याचं पोट टेबलाला टेकू लागलं होतं. मला वाटलं नाही म्हणेल, पण तो एकदम तयार झाला. "कॉलेजात मी कबड्डी खेळायचो," म्हणाला. रविवारी सकाळी हॉलमधलं टीपॉय बाजूला केलं. फुटबॉल आमच्याकडे नव्हता, म्हणून इंडियन स्टोअरमधून आणलेली पपई त्याच्या हातात दिली. आकार जवळजवळ तोच. तो घरच्या पायजम्यात, पाय फाकवून, पपई जमिनीला टेकवून वाकला. मी फोन घेऊन त्याच्याभोवती फिरत होते. बारा वर्षांची लेक सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि स्वतःही दोन फोटो काढले.

तेवढ्यात आयपॅडवर नागपूरहून सासूबाईंचा कॉल आला. लेकीने तो उचलला आणि आयपॅड तसाच आमच्याकडे वळवला.

"अगं बाई! काऊन वाकला रे असा?" सासूबाई ओरडल्या. "पाठ धरली का याची?"

"नाही आई, अवॉर्डचं काम आहे," मी म्हटलं.

"याले अवॉर्ड भेटतंय?"

"मला नाही गं आई," नवरा पायांमधून उलटा बघत म्हणाला. "जो असा सगळ्यात चांगला वाकतो त्याला."

सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. पपई पिकली आहे, दाबू नको."

महिन्याभराने खोकं आलं. मालकांनी भुसा बाजूला करून मूर्ती बाहेर काढली. कारखान्याने हेल्मेट चढवलं होतं, खांद्यांवर पॅड दिले होते, पपईवर शिवण उमटवली होती. बाकी सगळा माझा नवरा होता. पोट तेच, पोटऱ्या त्याच. आणि कमरेवरून, सोनेरी मुलामा दिलेली, पायजम्याची नाडी लोंबत होती.

मालकांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

लगेच ते स्वतःच म्हणाले, "अच्छा, टॉवेल! हात पुसायला कमरेला लावतात तो. काय बारकाईने केलंय!"

मी मान डोलावली.

खरी अडचण पुढे आली. नावाची पट्टी बसवायची कुठे? बाकीच्या मूर्तींना पुढची बाजू असते, तिथे नाव. हा वाकलेला. डोक्याच्या बाजूने पट्टी लावली तर नाव वाचणाऱ्याला नुसतं हेल्मेट दिसतं. मागून लावली तर जे दिसतं ते बक्षिसावर शोभेल का, हा प्रश्न. मी म्हटलं डोक्याकडून. मालक म्हणाले, तोंड कुठेच दिसत नसेल तर पुढची बाजू कुठली हे आपण कोण ठरवणार? शेवटी त्यांनी मंडळाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे तीन म्हातारे कोच होते. अर्धा तास वाद चालला. एक म्हणाला, चेंडू जातो ती पुढची बाजू. दुसरा म्हणाला, शत्रू असतो ती. तिसरा इतका वेळ नुसता खोकत होता. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं स्नॅपर बघितले. माणसाला ओळखायचं तर मागून. आमचा किकर त्याला दुसरीकडून बघतच नाही."

ठरलं. पट्टी मागे. मी आयुष्यात इतकं जपून कधी काही चिकटवलं नाही.

समारंभ एका हॉटेलात, दुपारच्या जेवणाबरोबर होता. पट्टीत काही चुकलंच तर दुरुस्तीला म्हणून मला जावं लागायचं. या खेपेस नवराही आला. इस्त्रीचा सूट घालून आला, आणि हॉलच्या कडेला ट्रॉफींच्या टेबलापाशी स्वतःच्या मूर्तीकडे पाठ करून उभा राहिला. ओळखलं कुणी तर, म्हणे.

स्नॅपरचं बक्षीस अगदी शेवटी होतं. दारातून आत यायला जरा तिरकं व्हावं लागेल इतका रुंद पोरगा स्टेजवर गेला. ट्रॉफी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि माइकशी वाकून म्हणाला, "चार वर्षांत स्टेडियममध्ये माझं नाव एकदाच पुकारलं गेलं. चेंडू किकरच्या डोक्यावरून गेला तेव्हा." लोक हसले. तो हसला नाही. पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "आज दुसऱ्यांदा." मग त्याने ट्रॉफी आईच्या टेबलाकडे उंच धरली. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्याच्या मुठीतून माझ्या नवऱ्याच्या पायजम्याची नाडी डोकावत होती. रडावं की हसावं कळेना. नवरा मात्र टाळ्या वाजवत सुटला होता.

जेवण झाल्यावर तो पोरगा टेबलापाशी आला. "मॅम, यासाठी पोज कुणी दिली?" त्याने अदबीने विचारलं. "मूर्ती छान आहे. फक्त टाचा उचललेल्या आहेत. असा स्नॅप केला तर माणूस तोंडावर पडेल."

मी काही बोलायच्या आत नवरा पुढे झाला. "मीच तो. मला दाखव ना."

पाच मिनिटांत दोघंही पार्किंग लॉटमध्ये होते. पोराच्या गाडीत खरा फुटबॉल होता. नवऱ्याने कोट काढून माझ्याकडे दिला आणि वाकला. "टाचा खाली, सर. आता माझ्याकडे पायांमधून बघा." पहिला चेंडू झुडपात गेला. दुसरा एका व्हॅनखाली. फोनवर खोकणारे ते कोच काठी टेकत बाहेर आले आणि "कंबर खाली!" म्हणून ओरडू लागले.

पोराची आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. शाळेच्या बसची ड्रायव्हर होती ती. म्हणाली, "चेंडू सुटला की सगळं स्टेडियम चेंडूकडे बघतं. मी याच्याकडेच बघत राहते, कारण तेव्हाच समोरचे वाकलेल्या याच्यावर येऊन आदळतात. हा उठून उभा राहीपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो." मग माझ्या हातातल्या कोटाकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही किती वर्षं बघताय हे सामने?"

"मी अजून एकही सामना पाहिलेला नाही," मी खरं ते सांगितलं.

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती खळखळून हसली, माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली. समोर नवऱ्याने तिसरा चेंडू सोडला. तो थेट पोराच्या हातात गेला, आणि त्या बाईने इतक्या जोरात शिट्टी मारली की माझा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता.