सकाळी येणारा फोन

ऑपरेटरबाईंची बोलती बंद करणं आजवर कुणाला जमलेलं नाही, असं गल्लीतले लोक कौतुकानं म्हणायचे. मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंनी उभी हयात काढली होती. आवाज असा की पलीकडचा माणूस रडत असला तरी हुंदका गिळून नीट उत्तर द्यायचा. पुढे एक्स्चेंज बंद पडलं. खोली भिंतींसकट पाडून तिथं गाड्या उभ्या करायची जागा केली. बाई घरी बसल्या. पण ज्या बाईचं आयुष्य दुसऱ्यांना जोडून देण्यात गेलं, ती किती दिवस नुसती बसणार?

खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याची थोरली मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. संध्याकाळी बापाबरोबर कपड्यांचे ढीग उरकायची आणि सकाळच्या तासाला हटकून झोपून राहायची. हजेरी कमी पडली तर परीक्षेलाच बसू देत नाहीत, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. बाईंना ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला फोन लावला.

"उठलीस? नाही उठलीस. आधी पाय जमिनीवर ठेव, मग माझ्याशी बोल."

थोरली उठली. मग तिची मैत्रीण, मग बसड्रायव्हरचा मुलगा, मग कोपऱ्यावरच्या बेकरीतला पोरगा. कुणाचा बाप आजारी, कुणाला दुकानात पाळी, कुणाला गणिताची धडकी. कॉलेज अर्ध्यावर सोडायला प्रत्येकाकडे सबळ कारण होतं. बाई सकाळी सगळ्यांना उठवायच्या, कुणाचं काय अडलंय ते काढून घ्यायच्या आणि योग्य माणसाशी गाठ घालून द्यायच्या. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांनी दुकानामागची कापडाची खोली रिकामी करून दिली. संध्याकाळी पोरं तिथं अभ्यासाला बसू लागली. टेलरमास्तर पुढे मशीन चालवत तोंडानं कुरकुर करायचे आणि मागे चहा पाठवायचे.

असं दीडेक वर्ष छान चाललं होतं आणि बाईंचा घसा बसला. बसला तो उठेना. डॉक्टरांनी तपासलं, गाठ निघाली, आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या खालच्या भोकातून. त्यावर पातळ रुमाल. बोलणं कायमचं संपलं.

ऑपरेशननंतर थोरली भेटायला आली. खाटेच्या कडेला बसली, पांघरूण सारखं केलं आणि हलकेच रागावली.

"डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना, बाई? मग सकाळी फोन कशाला केलात? आम्ही उठलो असतो."

बाईंना वाटलं, आपण औषधाच्या गुंगीत आहोत, चुकीचं ऐकलं. त्यांनी खुणेनं पाटी मागितली. लिहिलं, 'मी नाही केला.'

थोरली हसली. "तुमचाच तर आवाज. पाय जमिनीवर ठेव म्हणालात."

बाईंनी गळ्यावरचा रुमाल बाजूला केला. थोरलीनं ते भोक पाहिलं, आणि तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

बाई घरी आल्यावर कळलं की फोन सगळ्यांनाच येत होते. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा खंड नव्हता. एवढंच नाही, ड्रायव्हरच्या मुलाला त्या आवाजानं सांगितलं होतं, आज कामावर जाऊ नकोस, प्रॅक्टिकलची तारीख अलीकडे ओढलीय. तो धावतपळत गेला, तर खरंच तसं होतं. बाईंना स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

"कुणीतरी नक्कल करतंय," टेलरमास्तर म्हणाले. "हल्ली मशीनवर काय वाटेल ते करता येतं. सापडू दे, कान उपटतो."

पण बाईंचं मन मानेना. एके दिवशी पहाटेच त्या थोरलीच्या घरी जाऊन बसल्या. इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, त्याची बायको पाण्याच्या नळाशी. थोरली गाढ झोपलेली, उशाशी मोबाइल. बाईंनी स्वतःचा मोबाइल बंद करून समोर स्टुलावर ठेवला होता.

बाहेर जरा उजळलं आणि थोरलीचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'बाई'. स्टुलावरचा मोबाइल काळा ठिक्कर, निपचित.

बाईंनी फोन उचलून कानाला लावला.

"उठलीस?"

स्वतःचा आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो हे बाईंनी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. तो त्यांना वाटायचा त्याहून तरुण होता. आणि त्याच्यामागे बारीक टकटक चालली होती. एक्स्चेंजच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते जाळीला घासायचं, तीच टकटक. मधूनच कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं झालं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तर गळ्यातून नुसता वारा गेला.

मग तो आवाज शांतपणे म्हणाला, "तू नाही. तिला दे."

बाईंनी फोन थोरलीच्या कानाशी धरला. थोरली डोळे न उघडताच "हो बाई, उठले" म्हणाली आणि तिनं पाय जमिनीवर ठेवले. समोर बाई बसलेल्या पाहून मात्र ती भिंतीला जाऊन टेकली.

त्यानंतर बाईंनी अभ्यासाच्या खोलीत जाणं सोडलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्यांना आतून खात होतं. आपलं जे होतं ते आपल्याला सोडून गेलं आणि आपल्यावाचून जास्त चांगलं काम करतंय. मग इथं राहिलंय ते कोण? दिवसभर त्या खिडकीशी बसून राहायच्या. गळ्यातला श्वास शिटीसारखा वाजायचा, तोही त्यांना परका वाटायचा.

शेवटी टेलरमास्तर जिना चढून आले. गुडघे धरत खुर्चीत बसले.

"बाई, उठवणारं कोण आहे ते मला कळत नाही, आणि खरं सांगू, कळून घ्यायचंही नाही. पण पोरं संध्याकाळी पुस्तक उघडतात आणि दाराकडे बघत बसतात. आवाज काही त्यांच्या शेजारी बसत नाही. चला. आज बेकरीतला पोरगा कॉलेज सोडतो म्हणतोय."

बाई गेल्या. पोराशेजारी बसल्या, त्याची वही पुढ्यात ओढली आणि त्याला न सुटणारं गणित पाटीवर मांडायला लागल्या. त्यांनाही सुटेना. दोघांनी मिळून चुका केल्या. पोरगा कॉलेज सोडायचा विषय त्या दिवशी विसरला, आणि पुढे त्यानं तो काढलाच नाही.

काही महिने असेच गेले. मग एका सकाळी बाईंचाच फोन वाजला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"उठलीस?" तोच आवाज, तीच टकटक. "शेवटचं वर्ष राहिलंय तुझं."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष टाकून त्या एक्स्चेंजच्या नोकरीला लागल्या होत्या. हे या गल्लीत कुणालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, बाई शिकलेल्या आहेत.

"पाय जमिनीवर ठेव," आवाज म्हणाला. बाईंनी ठेवले.

पोरांना सांगताना त्या संकोचल्या, पण पोरांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही, म्हणजे लिहू दिलं नाही. थोरली तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिनं कॉलेजात खेटे घालून बाईंचा प्रवेश करून घेतला. ड्रायव्हरचा मुलगा नोट्स आणायचा. बेकरीतला पोरगा मास्तरकी गाजवायचा. "बाई, हे परवाच शिकवलं होतं, लक्ष कुठं असतं तुमचं?" टेलरमास्तर मशीनवरूनच म्हणायचे, "छडी आणून देऊ का रे?"

लेखी परीक्षा पार पडली. राहिली तोंडी. बाईंनी आधीच कळवलं होतं की उत्तरं लिहून देईन, आणि कॉलेजनं मान्यही केलं होतं. थोरली दाराबाहेर बाकावर बसली. आत दोन परीक्षक होते, एक तरुण बाई आणि एक वयस्क गृहस्थ. गृहस्थांनी मान खाली घालूनच पहिला प्रश्न विचारला. ऑपरेटरबाई पाटीवर लिहू लागल्या. खडूची करकर सोडली तर खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

"जरा सावकाश बोला," गृहस्थ कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. "मी टिपून घेतोय."

बाईंचा खडू थांबला. तरुण परीक्षक ऑपरेटरबाईंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत होती. मग तिची नजर गळ्यावरच्या रुमालाकडे गेली, आणि तिनं हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

"हं, पुढे," गृहस्थ म्हणाले. "छान बोलताय."

बाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात उत्तर पुरं केलं. गृहस्थ लिहीत राहिले.

बाहेर आल्यावर थोरलीनं त्यांचा हात धरला. "बाई," ती पुटपुटली, "दाराबाहेरपर्यंत ऐकू येत होतं."

दोघी पास झाल्या. पण त्या तोंडी परीक्षेनंतर आवाज पुन्हा आला नाही. कुणालाच नाही. पहिल्या सकाळी गल्लीत सगळे फोन गप्प होते. बाई कान देऊन बसून राहिल्या, आणि आपल्याला रडू येतंय हे त्यांना गालावरच्या ओलाव्यावरून कळलं. त्यांनी चपला घातल्या आणि त्या जिना उतरल्या. आता रोज तेच करतात. थोरली कॉलेजातच नोकरीला लागली आहे, नव्या मुलांची हजेरी, त्यांच्या अडचणी ती बघते. सकाळची दारं बाईंकडे.

नव्या पोरांनी तो आवाज कधी ऐकलेला नाही. बाई गल्लीतून सावकाश जातात, एकेका दारापाशी थांबतात, कडी वाजवायला हात उचलतात. आणि कडीला बोट लागायच्या आधीच आतून झोपाळलेलं उत्तर येतं, "उठलो, बाई."

आत आई चहा गाळता गाळता थबकते आणि विचारते, "कुणाशी बोलतोयस रे?"