कानात सांगितलेला बाप्तिस्मा

ड्यूटीवर आल्या की दुर्गाबाई फणसे लेबर रूमचं दार लगेच उघडत नसत. पर्स खांद्यावरच ठेवून आधी दाराला कान लावत. आत बाळ रडत असेल तर सरळ आत जात. सामसूम असेल तर क्षणभर तिथेच थांबत, डोळे मिटत आणि मग दार हलकेच ढकलत. धार जिल्ह्यातल्या राजगढच्या त्या छोट्या खाजगी प्रसूतिगृहात सगळ्यांना ही सवय ठाऊक होती. आया एकमेकींना म्हणत, "सिस्टर अजून परमिशन घेतायत." दुर्गाबाईही हसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कान दाराला.

त्या मुळातच भित्र्या. देवासच्या जुन्या मराठा घरातल्या. आजोबा दरबारात होते, वडील कचेरीत, आणि धाकटा भाऊ गणोजी देवळाच्या ट्रस्टचं काम बघायचा. लग्न होऊन धारला गेल्या, आणि नवऱ्याच्या अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना घरात बसू दिलं नाही. इंदूरला मिशनच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला घातलं. अशा घरात हे मोठंच धाडस होतं, आणि तेही दुर्गाबाईंचं नव्हतं, वडिलांचं होतं.

त्या हॉस्पिटलात केरळची एक म्हातारी नन शिकवायची. एकदा बाळाला दूध कसं पाजावं हे सांगता सांगता ती म्हणाली, "आणि एक गोष्ट. ख्रिस्ती आईचं मूल हातातून निसटत असेल, जवळ फादर नसेल, कुणीच ख्रिस्ती नसेल, तर बाप्तिस्मा तुम्ही द्यायचा. तुम्ही हिंदू असा, मुसलमान असा. कपाळावरून पाणी वाहू द्यायचं आणि एवढं एक वाक्य म्हणायचं. मनात एवढंच असावं, की चर्चला जे करायचं असतं ते मी करतेय." पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. ननने वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. परीक्षेत ते काही आलं नाही. पण दुर्गाबाईंच्या डोक्यात ते राहून गेलं, भिंतीवर टांगलेल्या आग विझवायच्या सिलिंडरसारखं. असतं तिथे, कुणी बघत नाही.

तीसेक वर्षांनी, भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या भिल्ल जत्रांच्या दिवसांत, ते काढायची वेळ आली.

आसपासच्या गावांतून हाट भरले होते. रस्त्यावर माणसांनी खचाखच भरलेल्या जीपा, ढोल, बासऱ्या. डॉक्टरीणबाई इंदूरला गेलेल्या. अशा दुपारी रेजिना कटारा तिच्या सासूबरोबर आली. जवळच्या फाल्यातली, म्हणजे पाड्यावरची, भिल्ल मुलगी, घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, नवरा गुजरातेत मजुरीवर. आली ती जवळपास बाळंत होतच आली. मुलगा झाला. नाळेचा वेढा गळ्याभोवती, अंग निळसर, रडण्याचं नाव नाही.

दुर्गाबाईंनी नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, मग तोंडावर मास्क धरून श्वास देणारी हवेची पिशवी दाबायला लागल्या. आयाला अँब्युलन्ससाठी पिटाळलं. अँब्युलन्स हाटाच्या गर्दीत अडकली होती. बाळाच्या छातीतले ठोके बोटाला लागत होते, पण सावकाश, फार सावकाश.

"सिस्टर," मागून टेबलावरून रेजिना म्हणाली, "फादर को बुला दो."

"फादर कहाँ है?"

"दूसरे गाँव. फोन नी लग रिया." थोडं थांबून ती म्हणाली, "पानी के बिना चला जाएगा क्या ये?"

दुर्गाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. त्यांना ते वाक्य आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. पाणी घालायचं म्हणजे हात पिशवीवरून काढायला हवा. तेवढ्यात बाळ गेलं तर? आणि हात न काढता ते गेलं, तर या मुलीला आयुष्यभर काय सांगायचं?

"नाम क्या रखेगी?"

"अमन."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या वाटीत होतं. ते कपाळावरून ओघळू दिलं, तीनदा. आणि वाक्य म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांचा आवाज बाहेर पडेना. भीतीने पडेना हे खरंच. पण त्यांच्या घरात बाळाला नाव एकाच रीतीने सांगतात, आणि त्यांना तीच येत होती. गणोजीच्या मुलीच्या, वल्लरीच्या बारशाला आत्या म्हणून त्यांनी पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं होतं. तशाच त्या वाकल्या, हाताचा आडोसा केला आणि बाळाच्या कानात कुजबुजल्या: "अमन, मैं तुम्हें पिता और पुत्र और पवित्र आत्मा के नाम पर बपतिस्मा देती हूँ."

बाहेर ढोल वाजत होते. रेजिनाला फक्त त्यांची पाठ दिसली, आणि वाटीतलं सांडलेलं पाणी. दारातून डोकावणाऱ्या सासूला, थावरीबाईला, दिसलं ते वेगळंच: एक हिंदू बाई पोराच्या कानाला लागली आहे.

दुर्गाबाईंनी पुन्हा पिशवी हातात घेतली. किती वेळ गेला कोण जाणे, बाळाने एकदम श्वास ओढला आणि मांजरासारखा बारीक आवाज काढला. अँब्युलन्स आली, बाळ धारला गेलं, तिथून इंदूरला, आणि होळी उलटून गेल्यावर धडधाकट होऊन परत आलं.

ते जगलं, आणि दुर्गाबाईंची खरी भीती तिथून सुरू झाली.

त्या दिवसांत पेपरात धर्मांतराच्या बातम्या असायच्या. अमक्या गावात प्रार्थना थांबवली, तमक्याला उचललं. कायद्यात नेमकं काय म्हटलंय ते कुणाला ठाऊक नसायचं; पण बाप्तिस्मा हा शब्द चहाच्या टपरीवर कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आणि आपण तर तो दिलाय. रात्री त्यांना वाटायचं, देवीला काय वाटलं असेल? मग वाटायचं, ज्याचं नाव घेतलं त्याला तरी काय वाटलं असेल, ओळख ना पाळख.

समोरच्या मेडिकल स्टोअरचा राजवीर एक दिवस इंजेक्शनं मोजून देता देता म्हणाला, "सिस्टर, सुना क्या? फादर किसी नर्स को ढूँढ रिया है."

"क्यूँ?"

"क्या पता. बोले किसी बच्चे का कुछ कर दिया उसने." तो हसला. "आपने तो नी कर दिया किसी का बेड़ा पार?"

"मेरा खुद का तो हो जाए पहले," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. इंजेक्शनांची पिशवी काउंटरवर विसरून त्या रस्ता ओलांडून आल्या.

संध्याकाळी त्यांनी देवासला फोन लावला. गणोजीने सगळं ऐकून घेतलं.

"आक्का, आपल्या घराण्यात लोकांनी तलवारी चालवल्या," तो म्हणाला. "तू वाटी चालवलीस."

"चेष्टा करू नकोस रे. पाप झालं का?"

"पापाचं मी बघतो. रोज देवीसमोरच उभा असतो, सांगेन तिला. माणसांचं काय करशील?" मग त्याचा आवाज खाली आला. "कोणी विचारलं तर आठवत नाही म्हण. तुझं वय झालंय, धावपळ होती. एवढंच. माझं पण ट्रस्टमध्ये रोज चार लोकांत उठणंबसणं आहे, आक्का."

आठवत नाही. दुर्गाबाईंनी ते आरशासमोर म्हणून बघितलं. जमलं.

फादर बसील दोनच दिवसांनी आले. साधा शर्ट-पॅन्ट, पायात सँडल, त्याच भागातले भिल्ल. बरोबर रेजिना, तिच्या कडेवर अमन, आणि मागे थावरीबाई. दुर्गाबाईंनी त्यांना ड्रेसिंग रूममध्ये बसवलं. त्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्यापलीकडे बाकांवर पेशंट बसलेले.

थावरीबाई बसलीच नाही. "बाई ने छोरा का कान में मंतर फूँक्यो," ती म्हणाली. "म्हने देख्यो."

दुर्गाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेरचे लोक समजतील की हिने बाप्तिस्मा दिला. हे समजतायत की हिने पोराला हिंदू केलं. दोन्हीकडून सारखाच मार.

"माई, मुझे पूछने दो," फादर म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात, सावकाश समजावून सांगितलं. रेजिनाला मुलाचा बाप्तिस्मा करायचाय. मूल ख्रिस्ती आईबापांचं आहे, यात कुणाचं धर्मांतर नाही. पण ती म्हणते, तो झालाय, सिस्टरने दिलाय. बाप्तिस्मा माणसाला एकदाच मिळतो. एकदा पाणी पडलं की तो मुलगा देवाचा झाला, मग ते पुसताही येत नाही आणि पुन्हा देताही येत नाही. म्हणून मला कळायला हवं. पाणी पडलेलं हिने बघितलंय. शब्द कुणीच ऐकले नाहीत.

"और अगर मुझे याद नहीं हो तो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"तो भी कोई मुश्किल नहीं," फादर म्हणाले. "मैं 'अगर' लगाकर दूँगा. अमन, अगर तेरा बपतिस्मा नहीं हुआ है, तो मैं देता हूँ. बस. आपका नाम कहीं नहीं आएगा."

"और याद हो तो?"

"तो लिखना पड़ेगा, किसने दिया."

एवढी सोपी वाट समोर आली होती. दुर्गाबाईंना गणोजीचा चेहरा दिसला, घरमालकाचा दिसला, काउंटरवर कोपर टेकून हसणारा राजवीर दिसला. "याद नहीं," त्या म्हणाल्या. "गड़बड़ थी बहुत."

फादरांनी मान हलवली. ते उठले. थावरीबाईने सुनेकडे बघितलं, बघ म्हटलं होतं ना, असं. रेजिना मात्र उठेना. ती मुलाच्या टाळूवरून हात फिरवत होती. तिने तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "सिस्टर, बचा कि नी बचा, पता नहीं था. तब आपने इसके कान में क्या बोला? मैं माँ हूँ. मेरे को तो बता दो."

अमन दुर्गाबाईंकडे बघत होता. एवढी मुलं बघतात तसं, न लाजता. हे पोर मोठं होईल आणि त्याच्या डोक्यावर एक 'अगर' राहील. त्याच्या आईला रात्री जाग येईल तेव्हा ती हेच विचारत बसेल. आपल्याला मात्र शब्दन् शब्द ठाऊक आहे.

त्यांनी ड्रेसिंगच्या टेबलाची कड धरली. "मी वाकले होते," त्या मराठीतच बोलून गेल्या, मग सावरल्या. "हमारे यहाँ बच्चे को नाम कान में बताते हैं, माई. बुआ बताती है. मुझे और किसी तरह आता नहीं था." आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. आवाज फाटत होता, तरी पडद्याबाहेर गेला. बाकांवरची कुजबुज थांबली.

फादर परत खुर्चीत बसले होते. "पानी बहा था? खाली छींटे नहीं?"

"बहा. कान तक गया."

"मन में क्या था?"

दुर्गाबाईंना खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "डर था," त्या म्हणाल्या. "और यह था, कि जो इसकी माँ चाहती है, वही हो. चर्च का जो होता है, वही."

"काफ़ी है," फादर म्हणाले. "हो गया है इसका. अब मैं नहीं दूँगा."

थावरीबाईचं समाधान झालं नव्हतं. "पण या तो आपणी नी है," ती म्हणाली.

"देने वाली यह थी ही नहीं, माई. इसका तो हाथ था."

म्हातारीने दुर्गाबाईंच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. मग पदराच्या गाठीतून मूठभर भाजलेले चणे काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि निघून गेली. जाता जाता सुनेला म्हणाली, "बुआ थी तो पेली केणो थो." आत्या होती तर आधी सांगायचं.

पुढच्या रविवारी अमनला चर्चमध्ये नेलं. पाणी घातलं नाही; उरलेले विधी झाले, कपाळाला तेल, अंगावर पांढरं वस्त्र, पेटवलेली मेणबत्ती. दुर्गाबाईंना बोलावणं होतं. त्यांनी ताप आल्याचं कळवलं, आणि दुपारपर्यंत त्यांना खरोखरच ताप भरला.

गणोजीने फोनवर विचारलं, "आठवत नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मग आठवलं."

"दार नीट लावत जा," तो म्हणाला.

चौकशीला कुणी आलं नाही. राजवीरने एकदा विचारलं, "सिस्टर, वो आप ही थी?" आणि त्या "हाँ" म्हणाल्या, तेव्हा त्याने त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मुकाट्याने कागदात गुंडाळून दिल्या. पण जिन्यात पावलं वाजली की त्या दिवा मालवून उभ्या राहायच्या. दाराला त्यांनी आतून दुसरी कडी बसवून घेतली. मोटरसायकल फाटकाशी थांबली की हातातलं काम थांबायचं. ही भीती कधी गेली नाही. ती घेऊनच त्यांनी उरलेली नोकरी केली, आणि ती घेऊनच त्या देवासला भावाकडे राहायला गेल्या. नाताळला रेजिनाचा फोन यायचा. अमनला फोनवर बोलायला लावायची. तो म्हणायचा, "बुआ, जय येसु," आणि दुर्गाबाई आजूबाजूला बघून हळूच म्हणायच्या, "खुश रह."

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्या शेवटच्या सकाळी ऊन अंगणात आलं होतं, त्या खुर्चीत शाल पांघरून मटार सोलत बसल्या होत्या. वल्लरी स्वयंपाकघरात होती. फाटक वाजलं. दुर्गाबाईंचा हात शेंगेवर थांबला. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस होता, पण ते त्यांना दिसत नव्हतं.

"वल्लरी," त्यांनी हाक मारली, "कोण आहे ते आधी विचार. आणि चहा टाक, कोणी का असेना."