जनतेचा बुलंद आवाज आणि माझं माउस पॅड

आमच्या घरात कम्प्युटर फक्त मलाच येतो, असं मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

त्यामुळं सासूबाई सरपंच झाल्या तेव्हा अभिनंदनाच्या फ्लेक्सचं काम मी अंगावर घेतलं. (कुणी सांगितलं नव्हतं!) बायको म्हणाली, "अहो, सलीमभाईंच्या दुकानात आईचा फोटो देऊन या. ते करतील सगळं." मी नुसता हसलो. घरात स्कॅनर असताना बीडच्या बाजारात हेलपाटा घालायचा?

स्कॅनरचं झाकण तेवढं तुटलेलं होतं. मग फोटोवर दाब म्हणून मी माउसखालचं पॅड उपडं घातलं. हे पॅड लेकीनं पुण्याहून आणलेलं. त्यावर ऑपेराचं, म्हणजे गोऱ्या लोकांच्या संगीत नाटकाचं, जुनं रंगीत चित्र : धिप्पाड बाई, डोक्यावर शिंगांचा टोप, हातात भाला आणि तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी! पॅड दाबताना सासूबाईंचा फोटो घसरून टेबलामागं गेला, हे मला कळलंच नाही. स्क्रीनवर नखाएवढ्या चौकटीत एक बाई दिसली. बस्स! फाईल रवाना.

तासाभरात सलीमभाईंचा फोन. "सर, बाई जरा येगळ्या दिसायल्यात."

"सरपंच झाल्यावर चेहऱ्यावर तेज येणारच! डोळे झाकून छापा."

त्यांनी छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंच्या गावातून, मांजरसुंब्याच्या चौकातून, मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, फ्लेक्सवर ह्या कोन हायेत?"

"अरे, बारा फुटी आई ओळखू येईना का तुला?"

"आईला शिंगं कावून हायेत मग?"

आम्ही धावतच पोचलो. ढाब्यावरची निम्मी गिऱ्हाईकं चहा हातात घेऊन रस्त्यावर! वर ती बाई आ वासून उभी, खाली ठळक अक्षरांत 'जनतेचा बुलंद आवाज', आणि कोपऱ्यात सुटाबुटातला माझा फोटो : 'शुभेच्छुक – जावई (संगणकतज्ज्ञ)'. एक आजोबा हात जोडून विचारत होते, "कुठली देवी म्हनायची ही?" बायको माझ्यापासून दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली. (हे बोलण्यापेक्षा वाईट!)

मी शिडी लावून चार पायऱ्या चढलो तोच हलगी वाजली. मिरवणुकीची जीप आली होती. गुलालानं माखलेल्या सासूबाई खाली उतरल्या.

"जावईबापू, उतरा खाली. बघू द्या मला."

मी उतरता उतरताच बोलायला लागलो.

"मामी, चुकून झालं हो. ती नाटकातली गाणारी बाई हाय."

"एवढं तोंड उघडून गाती? आन् कुनी गप बस म्हनत न्हाई तिला?"

"न्हाई. उलट टाळ्या वाजवत्यात."

सासूबाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई झ्याक हाय. ऱ्हाऊ द्या."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच काय, आपण कलेची मोठीच सेवा केली असं मी दोन-तीन पाहुण्यांना सांगूनही टाकलं.

पुढच्याच महिन्यात सासूबाईंची पहिली ग्रामसभा झाली. त्यांनी खरोखरच आवाज चढवून पहिला ठराव मांडला : ग्रामपंचायतीच्या कम्प्युटरला जावयानं हात लावू नये. अनुमोदन दिलं माझ्या बायकोनं. (ती त्या गावची मतदारसुद्धा नाही!) ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि सगळ्यात जोरात टाळ्या खास बीडहून आलेल्या सलीमभाईंनी वाजवल्या.