भांडं भरेना

पहिल्यांदा परदेशात धावायला गेले तेव्हा घर सोडल्यापासून शर्यत संपेपर्यंत मी पाणी जवळजवळ प्यायलेच नाही. कुणी बंदी घातली नव्हती, उपवासही नव्हता. माझ्या मते ते शहाणपण होतं, आणि त्याचा मला इतका अभिमान की आमचे सर विचारायचे, "पाणी पितेस ना?" तेव्हा मी "हो सर" म्हणून ओठ पुसून दाखवायचे. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी हातात दिलेली बाटली मी त्यांची पाठ वळताच एका कुंडीतल्या झाडाला घातली. जरा वेळानं कुंडीखालून ओघळ निघाला आणि माझ्याच बुटापाशी आला. पान चिमटीत धरून बघितलं तर झाड प्लास्टिकचं.

आता माझी नात शाळेतून अर्धी बाटली परत घेऊन आली तर मी तिला रागावते. तिच्या आजीनं काय दिवे लावले होते ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ती मुकाट ऐकून घेते.

हे खूळ आलं कुठून, ते सांगते. आमचं घर पिंपळगाव बसवंतजवळ. आई हंगामात द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये जायची. दिवसभर उभं राहून घड साफ करायचे, खराब मणी कात्रीनं काढायचे आणि पेट्या भरायच्या. शेडबाहेर टेम्पोंची रांग, ड्रायव्हर, हमाल, पलीकडे हायवे. बायकांना जायला आडोसा कुठंच नाही. मग बायकांनी त्याच्यावर आपला उपाय काढलेला होता. पहाटे अंधारात घोळक्यानं शेताच्या कडेला जाऊन यायचं, निघताना घोटभर चहा घ्यायचा, आणि संध्याकाळी घर दिसेपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही. एसटीनं देवळ्याला मावशीकडे जायचं असलं की आम्हा बहिणींचे पेले आदल्या दिवशीच फळीवर चढायचे. "बाईनं प्रवासात कोरडं असावं," असं आई म्हणायची, आणि ते मला शुभंकरोतीसारखं पाठ होतं.

पुढे नाशिकला सरावाला आले, तर मैदानावर मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई कुठं असतो ते देवालाही ठाऊक नाही. त्यामुळे माझं शिक्षण तिथंही चालूच राहिलं.

तर अशी मी, चोवीस वर्षांची घोडी, जपानला निघाले. विमानात मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी दोन धिप्पाड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेले. त्यांना उठवून पलीकडे जायचं, परत त्यांना उठवून आत यायचं, हे काही माझ्या संस्कारात बसेना. हवाईसुंदरी पाण्याचे पेले घेऊन येई तेव्हा मी डोळे मिटून घेई. विमान उतरलं तेव्हा सगळे आळोखेपिळोखे देत होते, आणि मी मनात म्हणत होते, बघा, एकदाही उठले नाही. जणू स्पर्धा तीच होती.

शर्यत दुसऱ्याच दिवशी, पाच हजार मीटरची; मैदानावर बायकांची सोय कशी असेल ठाऊक नाही, म्हणून तोवरही मी कोरडीच राहिले. सकाळ इतकी गार होती की तोंडातून वाफ निघत होती, आणि त्या गारठ्यानंच मला वाचवलं. शेवटच्या फेरीत पोटरीत गोळा आला, पण पायांनी जाब विचारायच्या आत शर्यत संपली. मी तिसरी आले. गळ्यात पदक पडलं. सरांनी दोन्ही हात वर केले. ते एवढे खूश मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितले नव्हते.

पदक घेऊन खाली उतरते तर निळ्या जॅकेटमधली एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी. तिनं हसून एक कागद पुढे केला, मी सही केली. मी चालले की ती चाले, मी थांबले की थांबे. मला वाटलं, आता सत्कार असणार. मी पिशवीतून कंगवा काढून भांग नीट केला. सरांना म्हटलं, "सर, माझ्या कपाळावर टिकली आहे का बघा."

सर कागद वाचत होते. म्हणाले, "टिकली राहू दे. डोप टेस्ट आहे."

त्या बाईनं आम्हाला एका लांब बोळातून खाली नेलं. खोलीला खिडकी नव्हती. पांढऱ्या भिंती, भिंतीला खुर्च्या, मधे टेबल, टेबलामागे एक अधिकारी. त्यानं सावकाश इंग्रजीत सांगितलं आणि सरांनी मराठी केलं. लघवीचा नमुना द्यायचा. भांड्यावर रेघ आहे तिथपर्यंत. निळ्या जॅकेटवाली आत येईल आणि समोर उभं राहून बघेल, तो नियमच आहे. नमुना होईस्तोवर इथून हलायचं नाही. हललीस तर नकार दिला असं धरतात, मग पदक जातं आणि पुढे धावायलाही बंदी येते.

"एवढंच ना," मी म्हटलं. मूर्ख माणसाला धीर फार असतो.

आत दिवा असा लख्ख की आपल्या पायाच्या नखांचीही लाज वाटावी. दार उघडं. ती बाई समोर हात बांधून उभी, बोर्डाच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी. मी बसले. तिनं बघितलं, मी बघितलं. काही म्हणजे काही होईना. कपडे सावरून बाहेर आले. अधिकाऱ्यानं सीलबंद बाटल्यांकडे बोट केलं. मी एक प्यायले, मग दुसरी, मग तिसरी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात घागर ओतावी तसं ते पाणी कुठं जिरत होतं कोण जाणे.

पहिली आलेली मुलगी आली, आत गेली, भांडं भरून गेलीसुद्धा. दुसरी आली, तीही गेली. मी जाणाऱ्या प्रत्येकीकडे हसून बघत होते, एसटी स्टँडवर आपली गाडी न लागलेल्या माणसासारखी. दुसऱ्यांदा आत गेले तेव्हा फोडणीत घालायच्या हिंगाच्या पाण्याएवढं काहीतरी झालं. अधिकाऱ्यानं तेवढ्यालाही सील लावलं, नंबर घातला आणि मान हलवून पुन्हा खुर्ची दाखवली.

भिंती जवळ येतात असं लोक म्हणतात ते मला खोटं वाटायचं. त्या खोलीत खरंच आल्या. त्याच दिवशी परतीचं विमान होतं आणि विमानतळावर जायची आमच्या संघाची बस बाहेर उभी होती. दारात संघाचे व्यवस्थापक आले. त्यांना वाटलं मला हिंदी कळत नाही, का वाटलं देव जाणे. सरांना हळूच म्हणाले, "लडकी डर रही है क्या? कुछ लिया तो नहीं ना इसने?"

व्यवस्थापक गेले. मग सर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "खरं सांग. कुणी काही दिलं होतं का? गोळी, पावडर, काहीही."

तोवर मला फक्त पदकाची भीती होती. आता कळलं की मी जितका वेळ बसेन तितकी चोर दिसेन, आणि उठले तर चोर ठरेनच. बाहेर जायला एकच वाट होती आणि ती माझ्याच पोटातून जात होती. मला रडू आलं, पण डोळ्यांतूनही थेंब निघेना.

"सर, कुणी काही दिलं नाही. मी पाणीच प्यायले नाही. घरून निघाल्यापासून."

"मी दिलेली बाटली?"

"झाडाला घातली."

"कुठल्या झाडाला?"

"विमानतळावरच्या. प्लास्टिकचं होतं."

सरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. ते रागानं की हसून हे मी आजवर विचारलेलं नाही. मग म्हणाले, "मला पटलं. असलं खोटं कुणाला सुचणार नाही. पण त्यांना पटायला ते भांडंच लागेल." ते बाहेर जाऊन आले. "बस गेली. आपण मागून जाऊ, नाहीतर उद्या जाऊ. तू बस."

मी बसले. डोळे मिटले आणि आपलं नेहमीचं आठवायचा प्रयत्न केला. पहाटेचा अंधार, बांध, ओळीनं टेकवलेली टमरेलं, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या बाया. आणि एकदम ध्यानात आलं की तिथं कधी शांतता नसायची. कुणाची सासू, कुणाचा दीर, कुणाच्या म्हशीनं काल काय केलं, सगळ्या सलग बोलत असायच्या. एकटीनं गप्प बसून हे काम मी जन्मात केलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा आत गेले. कोपऱ्यात एक स्टूल होतं. मी त्या बाईला खुणेनं म्हटलं, बस. ती गोंधळली. मी पुन्हा खूण केली, तेव्हा स्टूल पुढे ओढून बसली. मग मी तिला चक्क मराठीत विचारलं, "काय गं बाई, सासू बरी आहे का तुझी?"

ती काहीतरी म्हणाली, तिच्या भाषेत, प्रश्नासारखं.

"माझी अजून व्हायची आहे," मी म्हटलं. "आमच्या शेजारणीची मात्र लई खाष्ट. परवा तिनं सुनेचं लुगडं शेळीच्या गळ्यात बांधलं." आणि शेळीचा आवाज काढून दाखवला.

ती हसली. तोंडावर हात ठेवून, पण नजर नियमाप्रमाणे माझ्यावर ठेवून हसली. मग तिनंही काहीतरी लांबलचक सांगायला घेतलं. हातानं एवढंसं पोर दाखवलं, ते पडलं, रडलं, बहुतेक दात तुटला. मी "अगं बाई, मग?" म्हणत राहिले. ती "मग"चं उत्तर देत राहिली. बोलता बोलता भांडं भरलं. रेघेच्या वर गेलं.

विमान मिळालं, टॅक्सीवाल्याची कृपा. या खेपेला शेजारच्या जागेवर सर होते. मला जे दिलं ते सगळं मी प्यायले आणि सरांना इतक्यांदा उठवलं की शेवटी त्यांनी मला वाटेकडच्या जागेवर बसवलं आणि आपण खिडकीत बसले.

पण अहवाल यायचा होता. तोवर नाशिकच्या मैदानावर मी आले की गप्पा थांबायच्या. पदक घरी न नेता मी सरांच्या कपाटात ठेवलं होतं. अहवाल आला, त्यात काही निघालं नाही, आणि त्या दिवशी मी पदक घेऊन पिंपळगावची एसटी पकडली, ती थेट आईच्या शेडवर गेले. जेवणाची सुट्टी होती. बाया उलट्या क्रेटांवर बसून भाकरी खात होत्या. मी सगळी हकिगत सांगितली. बाया हसून हसून लोळल्या. पदक हातोहात फिरलं, एकीनं दातानं चावून बघितलं.

आई हसली नाही. ती भाकरी तशीच धरून विचारत राहिली. संडास आतच होता का? बायांसाठी येगळा? नळाला पाणी होतं? मी प्रत्येकाला हो म्हटलं. बाहेर टेम्पो मागे घेत होते, ड्रायव्हर एकमेकांना ओरडत होते. आईनं एकदा तिकडे बघितलं, पदक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "दार व्हतं, दिवा व्हता, राखायला बाई व्हती, अन् तरी तुला व्हईना? लय लाडावलीस तू."