नाकारलेल्या कॉलरी
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की नव्वदच्या दशकातली नवी मुंबईतली आमची दिघ्याची खोली आठवते. मी दहावीचा इतिहास घोकत होते: कारखान्यांचा माल खपवायला युरोपीय देशांनी वसाहती मिळवल्या. आई तिच्या कारखान्यातले, परदेशी गिऱ्हाइकाने नाकारलेले शर्ट घरी आणून कॉलरी उसवत बसली होती. "माल विकायला राज्य कशाला घ्यायचं?" मी विचारलं. "समोरच्याला नाही म्हणता येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "मग आता तोच परदेशी गिऱ्हाईक आपल्याला नाही म्हणतोय, त्याचं काय?" "आपण काय बंदूक घेऊन जाणार? कॉलर नीट बसवायची." आठवड्याने ते शर्ट दुरुस्त होऊन न्हावा शेवा बंदरातून बोटीने गेले. इतिहासाचा तो धडा आता मी शाळेत शिकवते, आणि सुरुवात त्या कॉलरीपासून करते.