मिखाएलाच्या पायाखालचं तोंड

मनकर्णाबाईचा राग साधासुधा नव्हता बरं! मूर्तिकारांच्या सगळ्या चितारओळीला तो ठाऊक होता. नवरा गेला, तेरवी आटोपली, आणि धाकट्या दिरानं, रुपरावानं, तिच्या हातातला कुंचला काढून घेतला. "बाईच्या हातानं देवाचे डोळे उघडत नाही, वहिनी." अहो, मूर्तिकारांच्या घरात डोळे रेखणं हे शेवटचं आणि मानाचं काम! नवरा होता तोवर गणपतीचे, दुर्गेचे डोळे हीच रेखायची. त्या दिवसापासून कारखाना रुपरावाचा झाला.

मग पोट कशानं भरायचं? ती बडग्यांची तोंडं करू लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत लोक जे पुतळे शिव्या घालत नाचवतात आणि शेवटी जाळतात, त्यांची. दरवर्षी एखाद्या बडग्याला ती गुपचूप रुपरावाचं फेंदारलेलं नाक आणि तिरपी नजर द्यायची, आणि तो जळेपर्यंत हलायची नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जळतो का? दुसऱ्या दिवशी रुपराव दिसला की हिचं डोकं पुन्हा तापलेलंच.

यंदा कामठीकडच्या एका जुन्या चर्चचं काम रुपरावाला मिळालं. इमारत इंग्रजांच्या छावणीच्या काळातली, पण आतली वेदी पार गोव्याहून आणलेली. पिळाचे लाकडी खांब, त्यांवर द्राक्षाचे वेल, पंख फुटलेली गुबगुबीत पोरं आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख. याला बरोक म्हणतात, असं फादर येईल त्याला सांगायचे. मधोमध महादूत मिखाएल आणि त्याच्या पायाखाली सैतान. सैतानाचं तोंड तेवढं उधईनं खाऊन टाकलेलं. रुपरावानं खांबांना वर्ख चढवला, पोरांचे गाल रंगवले, पण सैतानापाशी आल्यावर हात आखडला.

"आम्ही देव घडवतो, फादर. असली तोंडं आमची वहिनी करते. तिलेच सांगा."

निरोप ऐकून मनकर्णा किती दिवसांनी हसली! अस्सं! स्वतःच मान दिलीस ना सुरीखाली? हा बडगा जळायचा नाही, बाबू. लोक मेणबत्त्या लावतील, आणि तू जन्मभर पायाखाली!

लाकडाचा भुसा सरसात मळून तिनं तोंड उभं केलं. रुपरावाला समोर बसवायची गरजच नव्हती. ते तोंड तिला पाठ होतं. फादर म्हणाले, "बाई, जेवून तर घ्या."

"थांबा, डोळे उघडून राहिली मी."

डोळे झाले, वार्निश चढलं, आणि मग तिनं मिखाएलाचा भाला नेमका त्या गळ्यात रोवला. काय सुख झालं तिला म्हणता!

रविवारी पडदा सरला. नवी टोपी घालून रुपराव पुढंच उभा होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. मनकर्णाच्या जिवाला गारवा पडला. बोल ना आता! म्हण चारचौघांत, 'हे माझं तोंड आहे'!

रुपराव गर्दीतून तिच्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते.

"माझं चुकलं असन, वहिनी. पण दादाले काहून टाकलं तिथं?"

"दादा? डोळे फुटले काय तुझे?"

ती फणकाऱ्यानं म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. नाक फेंदारलेलं होतंच, पण ते नाक तर घराण्याचं, दोघा भावांचं. आणि तिरपी नजर? ती कुठंच नव्हती. इतकी वर्षं देवाच्या डोळ्यांना मुकलेला तिचा हात डोळे उघडायला बसला, आणि त्याला आठवले ते डोळे मायेचे. सरळ, जरासे झोपाळलेले, तिच्या नवऱ्याचे. खाली गळ्यात भाला.

ती फादरकडे धावली. "पुसते मी ते! आत्ताच्या आत्ता पुसते, दुसरं करून देते!"

"अहो, पुसता कशाला?" फादर कौतुकानं हसले. "इतकं जिवंत काम! निश्चिंत राहा, बाई. आता शंभर-दोनशे वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही."