रंगुकाकूचा राजा

विट्याकडची माणसं देशभर गलाई करतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतात. माझे चुलते लालासाहेब त्यातलेच. त्यांची उभी हयात कोइमतुरात मुशीपुढं गेली. खोड अशी, की लग्नात कुणाचे पैंजण दिसले की आधी चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, सांगणार, मग अक्षता टाकणार. काळवंडलेली चांदी तर त्यांच्या डोळ्यांत खुपायची.

तिकडं मोडीच्या चांदीत कधीकधी जाडसर, काळी नाणी यायची. वर एक नाकेला माणूस आणि भोवती परक्या अक्षरांचं कडं. काकांना त्यात फक्त चांदी दिसायची. रंगुकाकू मात्र त्यांचा हात धरायची. एवढा जिवंत चेहरा कशाला वितळवता, म्हणायची. शेवटी हट्टानं तिनं एक नाणं मागून घेतलं, 'माझा राजा' म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं, आणि हा कोण असंल, हे दर दसऱ्याला नवऱ्याला विचारत राहिली. काका म्हणायचे, कोन का असंना, चांदी चोख हाय. आणि मोठ्या प्रेमानं ते नाणं तेजाबात बुडवून, दोन्हीकडून घासून तिला लखलखीत करून द्यायचे. काकू गेली, तरी त्यांनी घासणं सोडलं नाही.

गेल्या श्रावणात नात उत्कर्षा सांगलीहून आली. ती कॉलेजात प्राचीन इतिहास शिकते. काकांनी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं आणि आजीचा राजा कोण तेवढं सांग, म्हणाले. तिनं मोबाइलवर तसलीच नाणी दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वीची, व्यापारातून दक्षिणेत आलेली, रोमन बादशहांची. डोक्यावर पानांची माळ, कडेनं नाव. मागच्या बाजूला ढाली घेतलेली दोन मुलं असली तर ऑगस्टस, फांदी धरून बसलेली बाई असली तर टायबेरियस.

काकांनी नाणं उलटसुलट केलं. दोन्हीकडं नुसती गुळगुळीत चांदी.

“आबा, काळंच ठेवलं असतं तर सांगता आलं असतं,” ती हळूच म्हणाली. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, तरी मला तिचा रागच आला.

काकांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मुठीमुठीनं वितळवली, त्याचं एवढं वाटत न्हाई. धंदाच हुता त्यो. पर ह्ये एक तिनं ठिवाय सांगितलं हुतं गं. ते बी मीच पुसलं.”

त्या दसऱ्याला काकांनी घरातली सगळी चांदी उजळली, नाण्याला तेवढा हात लावला नाही. ते आता काळं पडायला लागलंय. काका रोज सकाळी देव्हाऱ्याशी जाऊन ते निरखतात. चांदी काळी पडली म्हणून पुसलेला चेहरा परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?